वसईचा किल्ला? नव्हे, वसई शहर!

वसईला जाऊन आलेले बहुतेक लोक 'किल्ला बघून आलो' असंच सांगतात. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजगड येतो, नाहीतर जंजिरा. वसईचं प्रकरण जरा वेगळं आहे मंडळी. हे तटाच्या आत वसलेलं अख्खं शहर होतं. साधारण ११० एकर जागा, दहा बुरूज, आणि आत रस्ते, चौक, वाडे, चर्च, मठ सगळं काही.

गुजरातच्या बहादूरशहाला मुघलांची धास्ती होती. त्याने १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं त्यांच्या उत्तर कोकणातल्या मुलखाचा कारभार इथूनच चालला. शहराला मुख्य दरवाजे दोन, एक जमिनीकडे आणि एक समुद्राकडे. जमिनीकडच्या दरवाजाची वाट मुद्दाम वळवलेली आहे, म्हणजे शत्रूला सरळ आत घुसता येऊ नये. समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर पडलं की धक्का आणि कोळ्यांच्या होड्या.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो फ्रान्सिस्कन चर्चमध्ये. छप्पर केव्हाच गेलंय, पण फरशीत बसवलेले थडग्यांचे दगड अजून आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेले. त्या दगडांवरून चालताना कळतं, की इथे नुसती शिबंदी नव्हती. माणसं इथे जन्मली, संसार केले आणि इथेच पुरली गेली. इथेच जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये ते संत झाले.

आता १७३९. चिमाजी अप्पांनी फेब्रुवारीत वेढा घातला तो मे महिन्यापर्यंत चालला. तिन्ही बाजूंना पाणी आणि दलदल, त्यामुळे हल्ला करायचा तो उत्तरेच्या अरुंद जमिनीवरूनच. तटापर्यंत खंदक खणत जायचं, बुरुजाखाली सुरुंग पेरायचे आणि खिंडार पडलं की घुसायचं. आतून मारा चालूच! मराठ्यांची हजारो माणसं पडली. एवढं होऊनही शेवट झाला तो कत्तलीने नाही, तहाने. पोर्तुगीजांना शस्त्रं आणि सामानसुमान घेऊन जाऊ दिलं. मागे राहणाऱ्यांना धर्म पाळायची मोकळीक दिली. मला त्या विजयातली ही गोष्ट लढाईइतकीच मोठी वाटते, पण शाळेच्या पुस्तकातून आपल्या लक्षात राहतो तो फक्त भगवा झेंडा.

मग शहर मेलं कशाने? उतरती कळा आधीच लागली होती. इटालियन प्रवासी जेमेली कारेरी १६९५ मध्ये आला, तेव्हा उत्तरेकडचा भाग साथीमुळे ओस पडलेला होता. नंतर राज्यकर्ते गेले, व्यापार मुंबईकडे वळला. ज्या कामासाठी शहर होतं ते कामच उरलं नाही, मग तट शाबूत असून काय उपयोग?

चर्चच्या घंटा मात्र बाहेर पडल्या. एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे. आपण त्याकडे विजयाची खूण म्हणून बघतो, आणि ती आहेच. पण हीच घंटा कुणाच्या तरी लग्नाला आणि मयताला वाजली असेल, हेही खरंच ना?

आणि ती माणसं काही परकी नव्हेत. वसईचा ख्रिस्ती समाज आजही घरी मराठीच्या बोली बोलतो. २०२० च्या उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. चिमाजी अप्पांचा अभिमान आणि ओस पडलेल्या शहराबद्दलची हळहळ, दोन्ही आपल्याच घरातल्या गोष्टी आहेत. यातली एकच निवडायची सक्ती कुणी केलीय?

असो. वसई रोड स्टेशनवरून बस, रिक्षा मिळतात. सकाळी लवकर जा, पाणी बरोबर ठेवा. फोटो जरूर काढा, फक्त भिंतीवर बदाम काढून नाव कोरू नका. त्या शहराने बरंच सोसलंय.