डॉ. अलीकुन्ही आणि माशांच्या खाद्याचे शास्त्र



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. डॉक्टर की इंजिनिअर, आणि दोन्ही जमले नाही तर मग काय? मुलगा किंवा मुलगी प्राणिशास्त्र घेतो म्हणाली, की वडील विचारतात, "बेडूक कापून पोट भरणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरात एकच कमावता हात आहे त्याने तो विचारलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर उपदेशाने देता येत नाही. एखाद्या माणसाने त्या विषयात आयुष्य कसे घालविले ते पाहूनच देता येते. म्हणून आज एका मत्स्यशास्त्रज्ञाची हकीकत आपणापुढे ठेवीत आहे. डॉ. के. एच. अलीकुन्ही हे त्यांचे नाव. आपल्यापैकी फारच थोड्यांनी ते ऐकले असेल.

आधी त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्या. कटला, रोहू आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले नावाजलेले मासे. आज ते आपल्या बाजारात सहज मिळतात, परंतु १९५०च्या सुमारास मुंबई राज्यातल्या तळ्यांत सोडावयाचे त्यांचे बीज कलकत्त्याहून रेल्वेने आणावे लागे. कारण असे की हा मासा तळ्यात वाढतो, अंगात अंडीही धरतो, पण तळ्यात ती घालीत नाही. त्याला पावसाळ्यातली पुराने फुगलेली नदी लागते. तेव्हा पुराच्या पाण्यातून जाळ्यांनी मत्स्यजिरे गोळा करावयाचे, ते भांड्यांत भरून दूरदूर पाठवावयाचे, असा व्यवहार चाले. वाटेत किती मरत आणि त्यात मासेखाऊ जातींची पिले किती निघत, याचा भरवसा नसे. पैसे रोहूचे मोजावे आणि तळ्यात भलताच मासा वाढावा, असा तो धंदा होता.

अलीकुन्हींची सुरुवात मात्र माशांपासून झाली नाही. मद्रासच्या समुद्रातील सूक्ष्म जीवांमध्ये कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या एका गटाच्या अळ्या सापडतात. त्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला व त्याचा मोठा वृत्तांत १९५२ साली प्रसिद्ध झाला. बाहेरच्या माणसाला वाटेल, या अळ्यांचा संसाराला उपयोग काय? तो उपयोग पुढे पंचवीस वर्षांनी दिसला, तेही हिंदुस्थानाबाहेर. त्याची गोष्ट ओघात येईलच.

त्याच १९५२ साली त्यांचा आणखी एक छोटा लेख छापून आला. विषय होता, कार्प माशांची कोवळी पिले काय खातात? आमच्या मते साऱ्या मत्स्य-आहारशास्त्राचे बीज या साध्या प्रश्नात आहे. अंड्यातून निघालेल्या पिलाच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते. ती सुमारे तीन दिवसांत संपते. चौथ्या दिवशी त्याला तोंडाने खावे लागते, आणि नेमके त्याच दिवसांत लाखो पिले मरतात. अलीकुन्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिलांच्या आतड्यांतील अन्न सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ही पिले मुख्यतः पाण्यातले अतिसूक्ष्म प्राणी खातात असे आढळले. मग १९५५ साली डॉ. हिरालाल चौधरी व रामचंद्रन यांच्यासह त्यांनी संगोपन-तळ्यांतील मृत्यू आणि पाण्यातले हे प्राणिजीव यांचा संबंध दाखविला. याचा अर्थ, बीज सोडण्यापूर्वी शेण घालून तळे तयार करावयाचे, म्हणजे पिलांचे जेवण आधीच वाढून ठेवावयाचे! शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत यापेक्षा अधिक काय सांगावे?

आता १९५७ साल. माशाच्या मेंदूखाली पीयूषिका नावाची राईएवढी ग्रंथी असते. तिचा अर्क टोचून माशाला अंडी घालावयास लावता येते, हे ब्राझीलमध्ये १९३०च्या दशकात दिसून आले होते. आपल्याकडे पंजाबात हमीद खान यांनी १९३८च्या सुमारास मृगळाला सस्तन प्राण्यांच्या ग्रंथीचा अर्क टोचून पाहिला होता. परंतु खात्रीचा मार्ग सापडला तो ओरिसातील अंगुल येथे. १० जुलै १९५७ रोजी तेथे डॉ. चौधरींना यश आले, आणि तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या वर्षी 'करंट सायन्स' या नियतकालिकात जो लेख आला त्यावर दोन नावे होती, चौधरी आणि अलीकुन्ही. आपल्या पाठ्यपुस्तकांतून पहिलेच नाव राहिले. पहिले नाव पहिले असणे योग्यच आहे, पण दुसरे विसरून जाणे योग्य नव्हे.

ही रीत पाहिली तर तिच्यात दुर्मीळ यंत्र एकही नाही. पिकलेल्या माशांच्या डोक्यांतून ग्रंथी काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावयाच्या. मादीला वजनाच्या दर किलोला दोन-तीन मिलिग्रॅमची पहिली सुई, सुमारे सहा तासांनी पाच ते आठ मिलिग्रॅमची दुसरी. नराला दुसऱ्या सुईच्या वेळी एकच. मग त्यांना पाण्यात बांधलेल्या मच्छरदाणीसारख्या कापडी हाप्यात सोडावयाचे. काही तासांत अंडी पडतात, चौदा ते अठरा तासांत पिले बाहेर येतात. कलकत्त्याच्या रेल्वेची वाट पाहणे संपले ते या सुईने.

अलीकुन्ही येथे थांबले नाहीत. चंदेरा व गवत्या हे चिनी मासे १९५९ साली भारतात आणले गेले होते. १९६२ साली कटक येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचेही प्रजनन करून दाखविले. मग वरच्या थरात खाणारे, मधल्या थरात खाणारे आणि तळाशी खाणारे असे मासे एकाच तळ्यात ठेवण्याचा विचार पुढे आला. १९७१ साली अखिल भारतीय पातळीवर या मिश्र मत्स्यशेतीचा समन्वित प्रकल्प सुरू झाला. ज्या तळ्यांतून हेक्टरी सुमारे ६०० किलो मासा निघे, तेथे कित्येक हजार किलो निघू लागला.

या काळातला त्यांचा संबंध आपल्या महाराष्ट्राशी आहे. मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ साली स्थापन झाली. राज्याराज्यांच्या मत्स्यखात्यांतील अधिकारी तेथे शिकावयास येत. अलीकुन्ही तिचे संचालक होते. ही संस्था १९७९ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली आणि १९८९ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आणि त्या मद्रासच्या अळ्या? सत्तरच्या दशकात ते इंडोनेशियात जेपारा येथील कोळंबी संशोधन केंद्रात होते. कोळंबीच्या डोळ्याच्या देठात अंडी पिकू न देणारे संप्रेरक तयार होते. एका डोळ्याचा देठ काढला की मादी पिकते. टायगर कोळंबीवर हे करून पाहिल्याचा त्यांचा व सहकाऱ्यांचा वृत्तांत १९७५ साली प्रसिद्ध झाला. प्राण्याचा डोळा काढणे मनाला बोचते, हे खरे. आज जगभर त्यावर दुसरे उपाय शोधले जात आहेत. पुढे केरळात अळीकोड येथील कोळंबी-बीज केंद्रात त्यांनी अळ्या मोठ्या प्रमाणात वाढविण्याचे काम केले. तरुणपणी ज्या अळ्या ओळखावयास शिकले, त्यांच्या भाऊबंदांना म्हातारपणी दाणापाणी करीत बसले, असे म्हणावयास हरकत नाही.

बीजाचा प्रश्न असा सुटला, तरी खाद्याचा उरला. आपल्याकडे वर्षानुवर्षे शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग मिसळून तळ्यात टाकीत. मासा ते खातो, पण बरेचसे पाण्यात विरघळून जाते आणि पाणी नासते. मग प्रश्न निघाले. पिलाला प्रथिने किती लागतात? १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात कार्पच्या पिलांसाठी सुमारे ४५ टक्के आढळली. मोठ्या माशाला त्याहून कमी पुरतात. प्रथिने म्हणजे महागडी वस्तू, तेव्हा टक्का कमी-जास्त झाला की शेतकऱ्याचा नफाच जातो. मासा अंग गरम ठेवण्यात शक्ती घालवीत नाही आणि नको असलेले नत्र कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने टाकतो, म्हणून चांगल्या गोळीखाद्याच्या दीड-दोन किलोंत एक किलो मासा तयार होऊ शकतो.

आणखी एक मजेची गोष्ट. पेंडीतला बराचसा फॉस्फरस फायटेट या रूपात बांधलेला असतो आणि माशाला तो सोडवून घेता येत नाही. तो तसाच बाहेर पडतो आणि पाणी हिरवे करतो. रंकाळा सांडपाण्याने हिरवा झाला होता, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. खाद्यानेही तळ्याचे तसेच होऊ शकते. फायटेज हे विकर खाद्यात मिसळले तर तो फॉस्फरस माशाच्या उपयोगी पडतो. वर्सोव्याच्या संस्थेत रोहूवर असे प्रयोग झाले आहेत. एका चिमटीभर विकरावर माणूस पीएच.डी. मिळवू शकतो, पालकहो!

याच संस्थेच्या हरियाणातील रोहतकच्या केंद्राने खाऱ्या भूजलात कोळंबी वाढविली. त्या पाण्यात पोटॅशियम कमी असते म्हणून पोटॅश घालावे लागते, हे तेथे कळले. आपल्या शिरोळ तालुक्यात उसाला पाणी पाजून क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. तेथील माती आणि पाणी हरियाणासारखे नसणार, म्हणून नक्कल उपयोगाची नाही. मोजमाप येथलेच करावे लागेल, आणि ते करणारा मुलगा किंवा मुलगी बाहेरून का यावी?

आता मार्ग सांगतो. बारावी शास्त्र शाखेतून जीवशास्त्रासह झालेल्यांना चार वर्षांची बी.एफ.एस्सी. पदवी घेता येते. रत्नागिरीत शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, आणि उदगीर व नागपूर येथेही महाविद्यालये आहेत. पुढे दोन वर्षांची एम.एफ.एस्सी. असून तिच्यात माशांचे पोषण व खाद्य हा स्वतंत्र विषय घेता येतो. नंतर पीएच.डी. व कृषी संशोधन सेवेची स्पर्धा परीक्षा. एम.एफ.एस्सी.ला मुख्यत्वे बी.एफ.एस्सी. झालेल्यांनाच प्रवेश मिळतो, म्हणून साधी बी.एस्सी. करून नंतर वळू असा विचार करू नये. निर्णय बारावीनंतरच घ्यावा लागतो. कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर आहे, एस.टी. रोज जाते. ज्यांना इच्छा असेल त्यांनी सुट्टीत एकदा मुलांना घेऊन शिरगावला जाऊन यावे आणि तेथील शिक्षकांना विचारावे की रोहूचे पिलू चौथ्या दिवशी काय खाते.