बार्शी लाइट : विनोदामागची वाट

बार्शी लाइट म्हटले की आमच्या भागात अजूनही हसू उमटते. चालत्या गाडीतून उतरावे, रानातल्या शेंगा उपटाव्यात आणि पुन्हा तोच डबा गाठावा, ही आख्यायिका घरोघरी आहे. विद्यार्थ्यांच्या ललित लेखांत तर ती हटकून भेटते. आम्हांला या हसण्याविषयीच थोडे बोलायचे आहे.

अडीच फुटी रुळांची ही रेल्वे मुळात मागासलेली नव्हती. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक आसावरचा भार पाच टनांच्या आत ठेवला. त्यामुळे हलके, स्वस्त रूळही पुरेसे ठरले. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली. पुढे पांगरी ओलांडून ती निजामाच्या राज्यात शिरली आणि येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड असे करीत १९११ मध्ये लातूरला पोहोचली. दुसरे टोक पंढरपूरमार्गे १९२७ मध्ये मिरजेला भिडले. एका बाजूला वारकरी, दुसऱ्या बाजूला कापूस. मालकी मात्र १९५४ पर्यंत लंडनच्या कंपनीची.

अडचण रुंदीची होती. लातूरचा माल कुर्डुवाडीला आला की हमालांनी तो उतरवायचा आणि मोठ्या गाडीत पुन्हा भरायचा. प्रत्येक पोत्यावर ही दुहेरी मजुरी, आणि वेळही तेवढाच. जी काटकसर १८९७ मध्ये शहाणपणाची होती, ती शतकभर तशीच राहू दिली गेली, आणि तिचा भुर्दंड मराठवाड्याच्या शेतकऱ्याने भरला. शेंगांच्या गोष्टीत हे पोते कुठेच दिसत नाही. शिवाय ज्या जिल्ह्यातून ही गाडी एवढी फिरली, त्याच्या मुख्य गावाला, धाराशिवला, तिने शिवलेही नाही. तिथल्या माणसाने आधी येडशी गाठायची.

रुंद रूळ २००७-०८ मध्ये आले तेव्हा मार्ग वळवून धाराशिवला स्थानक मिळाले. तो न्याय उशिराचा, पण न्यायच. त्याच वळणाने रामलिंगच्या घाटातली जुनी वाट मात्र रेल्वेच्या नकाशावरून पुसली गेली.

काल्थ्रॉपनेच बार्शीच्या धर्तीवर इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये अशीच अडीच फुटी रेल्वे उभारण्यात भाग घेतला होता. १९०४ मध्ये सुरू झालेली ती गाडी १९३४ मध्ये बंद पडली आणि अवघ्या तीन वर्षांत तिचा मार्ग लोकांना चालण्यासाठी खुला झाला. आजही लोक तिथे फिरतात. (तिथल्या दुधाच्या गाड्यांवर कुणी विनोद रचले असतील, तर ते आमच्या वाचनात नाहीत.) रामलिंगला श्रावणात गर्दी उसळते, दर्शन आटोपून माकडांना फुटाणे टाकणाऱ्यांपैकी फार थोड्यांची नजर झाडोऱ्यातल्या त्या भरावाकडे वळते.