दमसास, घेर आणि चरबी

सातारा-सांगली पट्ट्यात शरीराची पारख श्वासावरून करण्याची रीत तालमीत रुजली. वस्तादाच्या नजरेत नव्या पोराच्या वजनापेक्षा त्याचा दमसास मोठा असे. जोर-बैठका मारताना धाप केव्हा लागते, झटापटीनंतर श्वास किती लवकर खाली बसतो, एवढ्यावर तो अंदाज बांधी. नुसती चरबी चढलेला गडी अंगाने भारी दिसला, तरी लांबलेल्या कुस्तीत दमात कमी पडे. मैदानात जोड लावली जाई तीही नजरेने. तराजू आला तो वजनगटांच्या स्पर्धांबरोबर. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले आणि 1952 साली हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, ते भारी वजनाच्या गटात. दोघांच्या देहयष्टीत जमीन-अस्मानाचा फरक, पण तालमीची कसोटी दोघांनाही एकच.

या रीतीला नियमांची चौकट मिळाली ती औंध संस्थानात. संस्थान विखुरलेले होते: औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी तरुणपणी, 1897 च्या सुमारास, शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोची पुस्तके आणि व्यायामाची साधने मागवली. सँडोच्या पद्धतीत फीत महत्त्वाची: छाती, दंड, मांड्या मोजायच्या आणि वाढ तक्त्यात भरायची. सुमारे दहा वर्षे हा व्यायाम त्यांनी नेमाने केला. पुढे 1908 मध्ये मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले.  

औंधच्या पद्धतीत एक नमस्कार दहा स्थितींचा. प्रत्येक नमस्काराआधी ‘ह्रां, ह्रीं, ह्रूं’ अशी बीजाक्षरे मोठ्याने उच्चारायची. त्यांच्या कंपनांनी छाती, घसा आणि पोट या सर्वांना व्यायाम होतो, असे भवानरावांचे प्रतिपादन होते. त्याला शास्त्रीय आधार मिळाला असे म्हणता येत नाही, पण मोठ्याने मंत्र म्हणताना श्वास लांब सोडावाच लागतो, एवढे खरे. साष्टांगाच्या स्थितीत दोन पाय, दोन गुडघे, दोन हात, छाती आणि कपाळ ही आठ अंगे जमिनीला टेकतात. पोट मात्र आत ओढून वर ठेवायचे असते. सुटलेले पोट इथे लपत नाही. गुडघे न वाकवता कपाळ गुडघ्यांकडे नेतानाही तीच अडचण: पोटाची वळी मध्ये येते, ती वर दाबली जाते आणि श्वास अडकतो. घेर आणि दम यांची एकत्र परीक्षा घेणारी इतकी स्वस्त युक्ती क्वचितच सापडेल. औंधच्या शाळांत ती सक्तीची झाली. 1938 मध्ये लुईज मॉर्गन यांनी संपादित केलेले भवानरावांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले आणि दहा स्थितींचा हा व्यायाम युरोपीय वाचकांपर्यंत गेला.

युरोपात श्वासाला आकडा मिळाला होता तो त्याआधीच. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये स्पायरोमीटरवरचे आपले काम प्रसिद्ध केले. पूर्ण श्वास घेऊन जोर लावून बाहेर सोडलेली हवा ते मोजत. हजारांहून अधिक माणसे तपासल्यावर त्यांना दिसले, की ही हवा उंचीच्या प्रमाणात वाढते. वजनाचा संबंध इतका सरळ नव्हता. पोटावरची चरबी श्वासपटलाला वर ढकलते, त्यामुळे सहज श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात उरणारी हवा कमी होते. पूर्ण ताकदीने सोडलेल्या श्वासावर मात्र माफक स्थूलतेचा परिणाम थोडाच दिसतो. मोजणाऱ्याची पंचाईत इथेच होते, कारण जी मात्रा चरबीने बदलते ती फुंकरीने मोजता येत नाही.

वजन-उंचीचे गणितही पुरेसे नाही, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःचेच उदाहरण देऊन दाखवले. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, 22.3, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. हडकुळा दिसणारा भारतीय आतून चरबीदार असू शकतो, हे त्या एका चित्राने पटवले.

मोबाईलवरच्या श्वासचाचण्या या वाटेवरचा ताजा टप्पा. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये ‘स्पायरोस्मार्ट’ मांडले. हात लांब करून फोन समोर धरायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोराने सोडायचा. मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजावरून हवेचा वेग काढला जातो. दम्यासारख्या विकारात त्याचा उपयोग आहे. अशा फुंकरीवरून चरबीचा अंदाज काढायचा तर वय, उंची, वजन आणि लिंग आधी भरून द्यावे लागते, आणि आकड्याचा बराचसा भार याच माहितीवर असतो; फुंकरीचा वाटा छोटा. श्वासातले अॅसिटोन ओळखणाऱ्या उपकरणांची गोष्ट वेगळी. त्यांना स्वतंत्र संवेदक लागतो, आणि ती शरीर चरबी किती जाळते आहे याची खूण देतात, साठा किती आहे याची नव्हे. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर धरली जाते. ती तपासायला शिंप्याची फीत पुरते.