सरस चित्र कुणाचं?

आजचा विषय ऐकून माझे पलटणीतले मित्र हसतील. गेल्या दिवाळीत इंदूरला आमच्या घरी मुलगा आणि नातू यांच्यात वाद पेटला: कन्सोलवरच्या खेळांमध्ये सगळ्यात उत्तम ग्राफिक्स कोणत्या खेळाचे? मुलगा चाळिशीला टेकलेला, नातू बारा वर्षांचा. आवाज चढले आणि पंच म्हणून मला बोलावलं. मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि इतिहास वाचायला बसलो.

हा वाद जुना आहे. सेगाचं मेगा ड्राइव्ह जपानमध्ये १९८८ साली आलं, निन्टेन्डोचं सुपर फॅमिकॉम १९९० साली. सेगाचा प्रोसेसर सुमारे ७.६ मेगाहर्ट्झचा, निन्टेन्डोचा ३.६ च्याही आत. उलट निन्टेन्डोकडे ३२,७६८ रंगांचा साठा, तर सेगाकडे अवघे ५१२. ज्याचा आकडा मोठा, तो त्यानं जाहिरातीत मिरवला. अमेरिकेत सेगानं तर ‘ब्लास्ट प्रोसेसिंग’ असा शब्दच काढला. पण नुसत्या तोफा मोजून लढाईचा निकाल सांगता येत नाही, हे आम्हा फौजी माणसांना वेगळं सांगायला नको.

१९९४ सालचंच बघा. इंग्लंडमधल्या रेअर कंपनीनं ‘डाँकी काँग कंट्री’तली पात्रं सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या संगणकांवर त्रिमितीय घडवली, मग त्यांची सपाट चित्रं करून त्याच जुन्या निन्टेन्डोच्या कार्ट्रिजमध्ये बसवली. त्याच डिसेंबरात जपानमध्ये सोनीचं प्लेस्टेशन आलं. नवी तोफ दारात उभी असताना जुनी बंदूक अशी चालवली!

प्लेस्टेशनलाही मर्यादा होत्याच. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये दूरवरचे रस्ते दाखवण्याची ताकद त्या यंत्रात नव्हती. कलाकारांनी गावभर धुकं आणि अंधार पसरला. हालचाल लपवायला आम्ही धुराचा पडदा करतो, इथे दुबळेपणा लपवायला केला. आणि त्या खेळाची सगळी भीती त्या धुक्यातच आहे.

आता तिसरं उदाहरण. ऑगस्ट २००० मध्ये निन्टेन्डोनं गेमक्यूबची झलक दाखवताना ‘झेल्डा’च्या नायकाची हुबेहूब माणसासारखी तलवारबाजी दाखवली. वर्षभरानं प्रत्यक्ष खेळाची चित्रं आली, तर नायक कार्टूनसारखा, मोठ्या डोळ्यांचा! चाहते भडकले. डिसेंबर २००२ मध्ये ‘विंड वेकर’ आला. आज त्या काळचे कित्येक ‘खरेखुरे’ खेळ लाकडी बाहुल्यांसारखे दिसतात, पण त्याचा समुद्र अजून ताजा आहे. २०१३ साली त्याची नवी आवृत्ती निघाली, तेव्हाही ती शैली कायम ठेवली गेली.

हे वाचताना मला आमचं सँड मॉडेल आठवलं. हल्ल्याआधी जमिनीवर रेतीचे डोंगर करायचे, निळ्या दोरीची नदी, हिरव्या भुकटीचं जंगल. ते हुबेहूब नाही अशी तक्रार कधी कुणा जवानानं केली नाही. रात्री त्याला वाट सापडली, की मॉडेल उत्तम.

म्हणून माझा निकाल असा: आकडे यंत्राचे असतात, चित्र माणसाचं असतं. हाताशी काय होतं आणि त्यातून काय उभं केलं, एवढंच मोजावं. नातवाला तो फारसा पटला नाही. “पण आजोबा, फोर-के ते फोर-केच,” म्हणाला.

मुलगा मात्र गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, मी लहान असताना तुम्ही सुट्टीवर आलात की टीव्ही बंद करायला लावायचात. वेळेची नासाडी म्हणायचात.” खरं होतं. वर्षातून दोन महिने घरी असायचो, आणि तो काय बघतोय हे एकदाही बघितलं नव्हतं.

त्या रात्री मी त्याच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, दाखव. जय हिंद.