तीन ओंजळींची शाळा

आपल्यापैकी ज्यांचे बालपण मुंबईत गेले त्यांच्यापुढे माझगावच्या सर एली कदुरी शाळेचे नाव काढले की चेहरे खुलतात. शाळा कोणी काढली असे विचारले, तर पुष्कळजण कदुरींचेच नाव घेतात. कदुरींची देणगी मोठी, यात शंका नाही. पण ती १९३० नंतरची. शाळा मात्र १८७५ पासून ‘इस्राएलाइट स्कूल’ या नावाने चालू होती. मधली सुमारे साठ वर्षे ती कोणाच्या पैशावर उभी राहिली, हे आज सांगावयाचे आहे.

कुलाबा जिल्ह्यातील गावांतून तेलाचे घाणे सोडून आपले लोक मुंबईस आले. कोणी पलटणीत गेले, कोणी सुतार झाले, कोणी सरकारी कचेरीत कारकून. मुलांच्या शिक्षणाची सोय बरीचशी मिशनरींच्या शाळांतून होई. अमेरिकन मिशनने आणि पुढे डॉ. जॉन विल्सन यांनी आपल्या मुलांना शिकविले. विल्सनसाहेबांनी तर १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणा होईल. परंतु ज्याची शाळा, त्याचाच धर्मपाठ! मूल शहाणे व्हावे आणि आपल्याच धर्मात राहावे, अशी इच्छा असणाऱ्या आईबापांनी काय करावे?

हाईम सॅम्युएल केहिमकर यांना हा प्रश्न तरुणपणीच बोचला. १८५३ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी आपले बंधू व काही स्नेही यांच्यासह शिक्षणप्रसारासाठी बेने इस्राएलांची संस्था स्थापिली. शाळा उघडली ती १८७५ मध्ये. या दोहोंत बावीस वर्षांचे अंतर आहे, हे ध्यानात घ्यावे. समाज गरीब होता. पेन्शनर शिपाई आणि कारकून यांच्या वर्गणीवर जागेचे भाडे आणि मास्तरांचा पगार भागविणे सोपे नव्हते.

मग शाळा चालली कशी? तीन ओंजळी एकत्र आल्या म्हणून. पहिली ओंजळ समाजाची, म्हणजे वर्गणी आणि मुलांची फी. दुसरी सरकारची. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत घालून दिली होती. तिच्या अटी स्पष्ट होत्या : शाळेला जबाबदार स्थानिक चालक हवेत, थोडी का होईना फी घेतली पाहिजे, आणि सरकारी तपासनीसाला दार उघडे हवे. धर्मशिक्षणात सरकार लक्ष घालीत नसे. पाहायचे ते लौकिक शिक्षण. म्हणजे हिब्रूचा आणि धर्माचा भार दुसऱ्या कोणीतरी उचलणे प्राप्त होते. तिसरी ओंजळ साता समुद्रांपलीकडची. १८७१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने या शाळेला मदतीचा हात दिला.

या तिन्हींपैकी एकटी कोणतीच पुरेशी नव्हती. केवळ वर्गणीवर शाळा चार दिवसांत बंद पडली असती. केवळ सरकारी पैशावर धर्मशिक्षण झाले नसते. केवळ परदेशी मदतीवर तिकडे हात आखडला की इकडे कुलूप लागले असते. मुख्य गोष्ट अशी की आधी आपली माणसे पुढे आली, आणि मग इतरांनी भर घातली. म्हणूनच शाळा शेवटपर्यंत आपली म्हणवली.

केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहासही इंग्रजीत लिहिला. तो १८९७ मध्ये पुरा झाला, परंतु त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १९३७ साली तो तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाला. शाळेसाठी जुळलेल्या ओंजळी पुस्तकासाठी वेळेवर जुळल्या नाहीत, ही हळहळ वाटते.

१९४८ नंतर आपली बहुतेक कुटुंबे इस्राएलला आली. माझगावची शाळा आजही चालू आहे. तिच्या बाकांवर आता बहुतांशी शेजारपाजारची मुस्लिम मुले बसतात. आपल्या पूर्वजांच्या आण्या-रुपयांचे हे पुण्य दुसऱ्यांच्या लेकरांना लाभते आहे, याचा आनंदच मानावा.

इकडे रामले, लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना येथे आपण सिनॅगॉग, वाचनालय, मुलांसाठी मराठीचे वर्ग यांविषयी बोलतो. पहिला विचार मनात येतो तो नगरपालिकेकडे अर्ज करण्याचा. अर्ज अवश्य करावा. तो आपला हक्क आहे. पण त्याआधी आपल्या वर्गणीची वही उघडावी आणि तिच्या पहिल्या ओळीवर आपले नाव लिहावे. केहिमकरांनी तेच केले होते.