नाचणीचे सत्त्व आणि स्टार्चचा इतिहास

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की पुण्यातल्या अनेक घरांत आजी नाचणीला मोड आणायला घेते. त्याच घरातली आई मला सॉसच्या बाटलीवरचे ‘मॉडिफाइड स्टार्च’ हे शब्द दाखवून विचारते, "डॉक्टर, हे घातक आहे का?" गंमत म्हणजे आजीही स्टार्चमध्येच बदल करत असते!

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांब साखळी. शिजताना ती पाणी शोषून फुगते, म्हणून खीर घट्ट होते. साखळी तुटली की खीर पातळ आणि गोडसर होते.

१८११ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्शहॉफ यांनी स्टार्च सौम्य गंधकाम्लात उकळून गोड पाक मिळवला. नेपोलियनच्या युद्धांमुळे तेव्हा युरोपात साखरेची टंचाई होती, म्हणून या शोधाचे मोल मोठे होते. पण आम्लाला उष्णता फार लागते आणि शेवटी ते निष्प्रभ करताना क्षार उरतात.

१८३३ मध्ये पॅरिसला पायां आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या जवातून ‘डायास्टेज’ हे एन्झाइम वेगळे केले. हेच काम ते आम्लाविना, कमी उष्णतेवर करते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लुकोजचे कारखाने आम्ल सोडून एन्झाइमकडे वळले. पर्यावरणाला जपणारी ही पद्धत आजीच्या फडक्यात आधीपासूनच होती.

आता तुमच्या कामाचे. मोड आलेली नाचणी वाळवून हलकीच भाजा. जास्त भाजल्यास एन्झाइम नष्ट होते. पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर हळूहळू शिजवा आणि शेवटी उकळी आणा. खीर पातळ झाली तर पाणी वाढवू नका, पीठ थोडे वाढवा. बाळाच्या छोट्या पोटात तेवढ्याच वाटीतून जास्त पोषण जाईल.

मात्र घरात मधुमेही आजोबा असतील तर हे सत्त्व त्यांना ‘पौष्टिक’ म्हणून वाटीभर देऊ नका. तुटलेली साखळी रक्तातली साखर लवकर वाढवू शकते. त्यांना नाचणीची भाकरी द्या, तीही मोजून.

आणि सॉसमधले स्टार्च? त्यात १४२२ सारखा क्रमांक असतो. ते घट्ट राहावे म्हणून रसायनांनी बदललेले असते. त्याला परवानगी आहे, ते विष नव्हे. पण बाळाच्या वाटीत त्याचे काही कामही नाही.