विद्यापीठातील दिव्यांग साहाय्य (भारत)

दिव्यांग विद्यार्थी, प्राध्यापक व कर्मचाऱ्यांना शिक्षण आणि काम समान पातळीवर करता यावे, यासाठी विद्यापीठाने करावयाची तरतूद. तिचा कायदेशीर पाया म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य आहेत. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असून प्रवेशाच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत मिळते.

प्रवेशापेक्षा खरी कसोटी परीक्षेत लागते. अंध विद्यार्थी उत्तर तोंडी सांगतो, लेखनिक ते उतरवतो. गणितात कंस कुठे उघडला, घातांक कोणाचा, हेही बोलून दाखवावे लागते. म्हणून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. हा वेळ उपकार नव्हे, हक्क आहे. लेखनिक केवळ ४० टक्क्यांवरील दिव्यांगांनाच, ही अट सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात (२०२१) अमान्य केली.

वाचनसाहित्याची अडचण मराठीत अधिक जाणवते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या नोट्स संगणकावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला निरर्थक अक्षरांसारख्या भासतात. त्या युनिकोडमध्ये देणे हे स्वस्त आणि तातडीचे काम आहे.

शासकीय आस्थापनांतील नोकरभरतीत किमान ४ टक्के आरक्षण आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही वा खालच्या पदावर आणता येत नाही. मूळ काम अशक्य झाल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते.